मोठीं चाकें आणि ठेंगणी गाडी

घरांत नवी वस्तु आली कीं तिच्याभोंवतीं दोन पक्ष उभे राहतात, हा संसाराचा जुनाच अनुभव आहे. एका पक्षाला ती वस्तु उपयोगासाठीं हवी असते. दुसऱ्याला ती उपयोगासाठीं आणि मिरविण्यासाठींही हवी असते. मोटारगाडीच्या बाबतींत हे पक्ष बहुधा वडील आणि चिरंजीव यांचे असतात, व मध्यस्थी मातोश्रींकडे येते. या सदराकडे येणाऱ्या पत्रांपैकीं पुष्कळशीं पत्रें या मध्यस्थांचींच असतात, हें नमूद करण्यास आम्हांस आनंद वाटतो. वाद मिटवावयाचा तर आधीं वस्तूचें ज्ञान करून घ्यावें, ही बुद्धि त्यांनाच प्रथम होते.

पुण्याच्या एका भगिनींचें असेंच एक पत्र आमच्यासमोर आहे. त्यांच्या घरीं फोक्सवॅगनची पोलो गाडी आहे. चाकणच्या कारखान्यांत तयार होणारी ही गाडी २०१० सालीं आपल्या बाजारांत आली व २०२२ सालीं तिचें येथील उत्पादन थांबलें. त्यामुळें ज्यांच्यापाशीं ती आहे त्यांना ती अधिकच प्रिय झाली आहे. चिरंजीवांनीं आपल्या पगारांतून मूळचीं १५ इंची चाकें काढून १७ इंची अॅलॉयचीं चाकें बसविलीं. चाकें देखणीं आहेत, परंतु त्यांच्या मतें गाडी आतां टांचा उंचावून उभी राहिल्यासारखी दिसते. म्हणून त्यांना आंखूड स्प्रिंग बसवून ती खालीं आणावयाची आहे. एक दुकानदार ४० मिलिमीटर खालीं आणणाऱ्या स्प्रिंगा देऊं करतो. दुसरा मूळच्या स्प्रिंगाच कापून देण्यास तयार आहे, व त्यांत खर्च जवळजवळ नाहींच. वडिलांचा या सर्वालाच विरोध आहे. दर गणपतीस याच गाडींतून पांच माणसें सामानासह कोंकणांत जातात, आणि आजींचे गुडघे दुखतात. 'हें करूं द्यावें काय, आणि करावयाचेंच झालें तर स्प्रिंग कशी निवडावी?' असा भगिनींचा प्रश्न आहे.

प्रश्न एका घरचा असला तरी उत्तर अनेक घरांच्या उपयोगाचें आहे. म्हणून तें विस्तारानें देत आहों.

प्रथम चिरंजीवांची बाजू घेऊं. त्यांच्या डोळ्यांना जें खटकलें तें खोटें नाहीं. गाडीच्या टायरवर १८५/६० आर १५ असे आंकडे असतात. यांतील १८५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ६० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेंकडा ६०, अर्थात् १११ मिलिमीटर. आणि १५ हा आंतील रिमचा इंचांतील व्यास. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. त्यांत वरची व खालची भिंत मिळविली कीं चाकाचा एकूण व्यास ६०३ मिलिमीटर भरतो. आतां १७ इंची रिमवर २१५/४० आर १७ हा टायर चढविला तर भिंत ८६ मिलिमीटर व एकूण व्यास ६०४ मिलिमीटर होतो. म्हणजे चाक 'मोठें' झालें तरी त्याचा घेर वाढलेला नाहीं, व गाडी उंचही झालेली नाहीं. पूर्वीं काळ्या टायरच्या आणि मडगार्डच्या सांवलींत जी पोकळी लपून जात होती, ती चकचकीत रिम मोठी झाल्यामुळें डोळ्यांत भरूं लागली इतकेंच. सौष्ठवाची ही जाणीव दोषास्पद नव्हे. परंतु त्या पोकळीचें काम काय, तें ती बुजविण्यापूर्वीं विचारलें पाहिजे.

रस्त्यांतील खड्ड्यांविरुद्ध प्रत्येक गाडीजवळ दोन ठेवी असतात. पहिली ठेव टायरची भिंत. तींतील हवा ही पहिली गादी होय. लहानसहान दगड, खांचा, सिमेंटच्या रस्त्यांतील सांधे यांचा धक्का तीच परस्पर झेलते. दुसरी ठेव स्प्रिंगची हालचाल. म्हणजे चाकानें वर उचललें जाऊन अडथळ्याच्या रबरावर आदळण्यापूर्वीं जेवढें अंतर मोकळें असतें तें. मडगार्ड आणि टायर यांमधील पोकळी ही या दुसऱ्या ठेवीची बाहेरून दिसणारी बाजू आहे. चिरंजीवांनीं मोठ्या रिम बसविल्या तेव्हांच पहिल्या ठेवींतून २५ मिलिमीटर खर्च झाले: १११ होते, ८६ उरले. आतां आंखूड स्प्रिंग बसविणें म्हणजे दुसऱ्या ठेवीसही हात घालणें होय. हें करूं नयेच असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र एक ठेव मोडलेल्या गृहस्थानें दुसरी मोडतांना जो हिशेब करावयास हवा, तो येथें केलाच पाहिजे.

तो हिशेब कठीण नाहीं. स्प्रिंगवर जेवढा भार टाकावा तेवढ्या प्रमाणांत ती दबते, हा नियम रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ सालीं प्रसिद्ध केला. आपण सोईसाठीं गोल आंकडे घेऊं. प्रत्येक गाडीचे खरे आंकडे थोडेफार निराळे असतील. समजा एका चाकावरील स्प्रिंग १ मिलिमीटर दबण्यास २.५ किलोचा भार लागतो, आणि गाडी रिकामी उभी असतांना रबरावर आदळेपर्यंत ७० मिलिमीटर अंतर मोकळें आहे.

४० मिलिमीटर खालीं आणणारी स्प्रिंग घातली तर मोकळें अंतर ३० उरतें. ७० मिलिमीटरमध्यें जो धक्का विरत होता तोच आतां ३० मध्यें विरावयास हवा. स्प्रिंगमध्यें सांठणारें कार्य अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें. म्हणून तेंच काम तेवढ्या थोड्या अंतरांत व्हावयाचें तर स्प्रिंग ७० भागिले ३० या संख्येच्या वर्गाइतकी, म्हणजे सुमारें साडेपांच पट ताठ लागेल. इतकी ताठ स्प्रिंग घरगुती गाडींत कोणी घालीत नाहीं. घातली तर आंत बसणाऱ्यांस ती सोसवणार नाहीं. बाजारांतील आंखूड स्प्रिंगा बहुधा मूळच्या स्प्रिंगेपेक्षां थोड्याशाच ताठ असतात. अर्थात् उरलेला धक्का रबरावर, तेथून गाडीच्या सांगाड्यावर, आणि शेवटीं बसणाऱ्यांच्या पाठीच्या कण्यावर जातो. त्याऐवजीं २० मिलिमीटरच खालीं आणली तर ५० मिलिमीटर अंतर उरतें, व तेंच काम करण्यास स्प्रिंग सुमारें दुप्पट ताठ लागते. दुप्पट ताठपणाही कोणी देत नाहीं; परंतु येथें तूट इतकी मर्यादित असते कीं रबर आणि शॉक अॅब्सॉर्बर मिळून ती बरीचशी भरून काढूं शकतात.

आतां कोंकणच्या प्रवासाचा प्रसंग घ्या, कारण गाडीची खरी परीक्षा रिकाम्या गाडींत होत नसते. पांच माणसें आणि सामान यांचा जादा भार मागच्या एकेका चाकावर १०० किलो येतो असें धरूं. २.५ किलोला १ मिलिमीटर या हिशेबानें मूळची स्प्रिंग ४० मिलिमीटर दबते व ७० पैकीं ३० मिलिमीटर खड्ड्यांसाठीं उरतात. नवी स्प्रिंग शेंकडा २५ अधिक ताठ असेल तर तीच १०० किलोखालीं ३२ मिलिमीटर दबेल. गाडी २० मिलिमीटर खालीं आणली असल्यास ५० पैकीं १८ उरतील. हें कमी आहे, तरी कांहीं आहे. परंतु ४० मिलिमीटर खालीं आणलेल्या गाडींत मुळांत ३० च होते, आणि त्यांतून ३२ वजा करावयाचे आहेत. म्हणजे गाडी पुण्याहून निघण्यापूर्वीं, दारांत उभी असतांनाच, मागच्या रबरांवर बसलेली असेल. घाटांतील वळणावर खड्डा आला असतां मागचें चाक रस्त्यास चिकटून राहण्याऐवजीं उसळेल. वडिलांचा विरोध त्यांनीं आंकड्यांत मांडला नसेल. परंतु आंकडे त्यांच्याच बाजूचे आहेत.

गतिरोधकांचाही असाच विचार करावा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नमुन्याप्रमाणें बांधलेला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद व मध्यें १० सेंटिमीटर उंच असतो. त्याच्या गोलाईची त्रिज्या १७ मीटर. पुढच्या व मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असलेली गाडी त्यावर मधोमध असतांना तिच्या पोटाखालील सुमारें ४६ मिलिमीटर जागा व्यापली जाते. म्हणजे शास्त्रशुद्ध गतिरोधक ठेंगण्या गाडीसही फारसा त्रास देत नाहीं. त्रास देतात ते गल्लीबोळांतील, रातोरात उठविलेले अरुंद उंचवटे; त्यांची उंची गाडीच्या पोटाखालील जागेंतून पुरीच्या पुरी वजा होते. आपल्या घरापासून कचेरीपर्यंत यांपैकीं कोणत्या जातीचे किती आहेत, हें कोणत्याही दुकानदारापेक्षां आपणच अधिक जाणतां.

दुसऱ्या दुकानदाराच्या 'स्वस्त' उपायाविषयीं येथेंच बोलून टाकूं. स्प्रिंगचा ताठपणा तिच्या तारेच्या जाडीवर, वेढ्याच्या व्यासावर आणि काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येवर अवलंबून असतो. तारेची जाडी यांत फारच प्रभावी आहे: १२ मिलिमीटरऐवजीं १३ मिलिमीटर तार वापरली तर इतर मापें तींच असतां ताठपणा शेंकडा ३८ वाढतो. सहा वेढ्यांच्या स्प्रिंगेचा एक वेढा कापला तर ताठपणा फक्त शेंकडा २० वाढतो, पण लांबी मात्र एका वेढ्यानें कमी होते. शिवाय टोंकाचा वेढा बैठकींत नीट बसावा म्हणून कारखान्यानें त्याला जो विशिष्ट आकार दिलेला असतो, तोच कापला जातो. कापण्यासाठीं किंवा दाबून बसविण्यासाठीं ज्योत वापरली तर पोलादाचें पाणी उतरतें. सर्वांत वाईट म्हणजे चाक लोंबकळतें असतांना अशी स्प्रिंग बैठकींतून सुटी होऊं शकते. भरधांव गाडी उंचवट्यावरून उसळली असतां स्प्रिंग जागेवरून सरकणें म्हणजे काय, हें सांगावयास नको. कापलेली स्प्रिंग घरांत येऊं देऊं नये. या बाबतींत मध्यस्थीला जागा नाहीं.

मग चांगली आंखूड स्प्रिंग कशी ओळखावी? पहिली गोष्ट अशी कीं, ती त्याच गाडीसाठीं, त्याच इंजिनासाठीं बनविलेली असावी. डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनापेक्षां जड असतें. एकासाठीं काढलेली पुढची स्प्रिंग दुसऱ्यांत घातली तर सांगितलेली उंची मिळत नाहीं. दुसरी गोष्ट, ती किती खालीं आणते यापेक्षां ती किती ताठ आहे आणि किती भार वाहण्यास योग्य आहे, हें उत्पादकानें लिहून दिलेलें असावें. जर्मनींत ही शिस्त कडक आहे. आयबाख, एच अँड आर यांसारख्या तेथील उत्पादकांच्या स्प्रिंगांबरोबर तांत्रिक तपासणीचें प्रमाणपत्र मिळतें, व त्यांत गाडीचा प्रकार, पुढच्या व मागच्या आंसांवरील कमाल भार, आणि कोणत्या अटींवर कोणतीं चाकें चालतील हें नमूद असतें. आपल्या रस्त्यांवर तें प्रमाणपत्र कायद्याचें काम करीत नसलें, तरी ज्या मालासोबत असा कागद येतो आणि ज्या मालासोबत केवळ रंगीत खोकें येतें, त्यांतील भेद सुज्ञांस कळेल. तिसरी गोष्ट, गाडी जॅकवर उचलून चाक पूर्ण लोंबकळतें ठेवलें तरीही स्प्रिंग आपल्या बैठकींत घट्ट राहिली पाहिजे. ही परीक्षा बसविणाऱ्याकडून आपल्या डोळ्यांदेखत करून घ्यावी.

स्प्रिंगांत दोन जाती आहेत. एकीचा ताठपणा आरंभापासून शेवटपर्यंत सारखाच असतो. दुसरीचे कांहीं वेढे जवळ जवळ असतात. दाब वाढला कीं ते एकमेकांस टेंकून कामांतून निघतात आणि स्प्रिंग उत्तरोत्तर ताठ होत जाते. एकट्यादुकट्यानें शहरांत फिरणें आणि वर्षांतून एकदोनदां पूर्ण भारानें दूर जाणें, असा ज्या गाडीचा दुहेरी संसार असेल तिला ही दुसरी जात अधिक मानवते. मात्र ती निवडली म्हणून वरचा हिशेब चुकवितां येतो असें नाहीं.

स्प्रिंगेचा विचार शॉक अॅब्सॉर्बरवांचून करणें म्हणजे घोडा घेऊन लगाम विसरणें होय. दबलेली स्प्रिंग परत उसळते; ती उसळी आवरणें हें शॉक अॅब्सॉर्बरचें काम. मूळचा शॉक अॅब्सॉर्बर मूळच्या स्प्रिंगेची उसळी आवरण्यासाठीं योजिलेला असतो. स्प्रिंग शेंकडा २५ ताठ झाली कीं त्याला कायम अधिक श्रम पडतात. तो नवा असेल तर कांहीं काळ निभावतो, आधींच ७०-८० हजार किलोमीटर झिजला असेल तर लौकरच हात टेंकतो. त्यांतच १७ इंची चाक मूळच्या चाकापेक्षां जड असल्यास चाकाची स्वतःची उसळही त्याच्याच माथीं येते. तेव्हां स्प्रिंगांपुरतेच पैसे हातांत असतील तर थांबावें, आणि स्प्रिंग व तिच्याशीं जुळणारा शॉक अॅब्सॉर्बर यांची जोडी एकदमच घेण्याइतके पैसे जमूं द्यावे.

मोठ्या चाकांमुळें आणखी एक प्रश्न उभा राहतो, तो जागेचा. रिमची रुंदी ६ इंचांवरून ७ इंच झाली कीं ती आंत व बाहेर अर्धा अर्धा इंच, म्हणजे सुमारें १२.७ मिलिमीटर पसरते. रिमवर 'ईटी' या अक्षरांपुढें ऑफसेटचा आंकडा असतो. तो ४० चा ३५ झाला तर सबंध चाक आणखी ५ मिलिमीटर बाहेर जातें. दोन्ही मिळून बाहेरची कड १७.७ मिलिमीटर बाहेर येते आणि आंतील कड ७.७ मिलिमीटर आंत सरकते. मूळच्या उंचीवर हें खपून जातें. परंतु गाडी खालीं आली, मागें तीन माणसें बसलीं आणि खड्डा आला, कीं तीच बाहेरची कड मडगार्डच्या ओठावर घांसते. पुढच्या बाजूस स्टिअरिंग पूर्ण वळविल्यावर आंतील कड प्लास्टिकच्या अस्तरावर घांसते. टायरची भिंत मडगार्डच्या धारेवर वारंवार कापली जाणें हा केवळ आवाजाचा प्रश्न नव्हे. म्हणून स्प्रिंग विकत घेण्यापूर्वीं चाकाचे हे दोन आंकडे, रुंदी आणि ऑफसेट, कागदावर उतरून विक्रेत्यासमोर ठेवावे. त्याला त्यांचा अर्थ कळत नसेल तर दुसऱ्या विक्रेत्याकडे जावें. टायरवरील भारांकही पाहून घ्यावा. ८४ हा अंक एका टायरनें ५०० किलो वाहावे असें सांगतो, ८७ हा ५४५ किलो. पण ८३ हा ४८७ किलोच सांगतो. वर घेतलेल्या २१५/४० आर १७ या मापांत ८३ आणि ८७ हे दोन्ही मिळतात. रुंद टायर अधिक भार वाहतो हा समज येथें फसवितो.

गाडी खालीं आली म्हणजे वळणावर ती आपोआप कमी कलेल, अशीही एक समजूत आहे. पोलोसारख्या गाडींत पुढच्या चाकास खालून धरणारा आडवा दांडा, म्हणजे लोअर आर्म, मूळ उंचीवर चाकाकडे थोडा उतरता किंवा जवळजवळ सपाट असतो. गाडी फार खालीं आणली कीं तो चाकाकडे चढता होतो. अशा वेळीं गाडीचा गुरुत्वमध्य जेवढा खालीं येतो त्याहून, ज्या काल्पनिक बिंदूभोंवतीं गाडीचें अंग कलतें, तो बिंदु अधिक खालीं जातो. दोहोंमधील अंतर वाढतें, आणि गाडी कलण्याची प्रवृत्ति कमी न होतां वाढते. तिला आवरण्यास पुन्हां ताठपणाच हवा. शिवाय स्टिअरिंगच्या दांड्यांचे कोन बदलल्यानें खड्ड्यांत चाकें आपण होऊन किंचित् वळूं लागतात. थोडक्या, २०-२५ मिलिमीटरच्या फेरबदलांत हे दोष आटोक्यांत राहतात. ४० मध्यें ते उघड जाणवूं लागतात.

कायद्याकडे पाठ फिरविणें कुटुंबवत्सल माणसाला शोभणारें नाहीं. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ अन्वयें नोंदणीपत्रांतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल गाडींत करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही या कलमाचा कडक अर्थ उचलून धरला. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें कायद्यांत आलेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागें ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊं शकतात. तेव्हां योजिलेला बदल आधीं परिवहन कार्यालयास आणि विमा कंपनीस लेखी कळवावा, व त्यांचें उत्तर लेखीच घ्यावें. 'सगळेच करतात' हें वाक्य अपघातानंतर विम्याच्या अधिकाऱ्यासमोर फारसें उपयोगीं पडत नाहीं.

इतकें सर्व पाहून, उत्तरें अनुकूल आलीं आणि बेत कायम राहिला, तर बसविण्याच्या कामांत तीन गोष्टी सांभाळाव्या. स्प्रिंग काढणें हें घरच्या अंगणांतील काम नव्हे. आपल्या गोल आंकड्यांतील स्प्रिंग १५० मिलिमीटर दाबून धरली असतां तींत सुमारें २८ किलो वजन एक मीटर उंचीवरून पडावें इतकी शक्ति सांठलेली असते. ती दाबण्याचें योग्य साधन असलेल्या कारागिराकडेच जावें. दुसरें, दांड्यांच्या सांध्यांतील रबरी बुशांचे बोल्ट, चाकें लोंबकळत असतांना नव्हे, तर गाडीचा भार चाकांवर आल्यावर शेवटचे आवळावे. नाहींतर रबर कायम पिळलेल्या स्थितींत राहून लौकर फाटतें. तिसरें, स्प्रिंगा बसून कांहींशे किलोमीटर चालल्यावर व्हील अलाइनमेंट अवश्य करून घ्यावें. तें न केल्यास टायर आंतल्या बाजूनें झिजतो आणि बाहेरून पाहणाऱ्यास नवाच दिसतो. पोलोच्या मागच्या आंसास कोन बदलण्याची सोय नसते, हेंही मागची बाजू फार खालीं न आणण्याचें एक कारण आहे.

आमचें मत आतां थोडक्यांत सांगतां येईल. सतरा इंची चाकें बसलेल्या आणि कुटुंब वाहणाऱ्या गाडीस २० मिलिमीटर, फार तर २५ मिलिमीटर खालीं आणणारी, मूळच्यापेक्षां शेंकडा २० ते ३० ताठ, भार-प्रमाणपत्र असलेली स्प्रिंग, जुळत्या शॉक अॅब्सॉर्बरसह शोभेल. ४० मिलिमीटरची नको. बैठक बोटभर खालीं गेली तर आजींच्या गुडघ्यांना फारसें कळणार नाहीं; दोन बोटें गेली तर प्रत्येक वेळीं उठतांना कळेल. आणि चिरंजीवांना गाडी त्याहून ठेंगणी हवीच असेल, तर त्यांनीं आधीं पहिल्या ठेवींत भर घालावी: १६ इंची रिमवर १९५/५० टायर चढविला तर भिंत साडेसत्याण्णव मिलिमीटर होते व एकूण व्यास ६०१ म्हणजे मूळच्या जवळच राहतो. तथापि त्यानेंही ४० मिलिमीटरचें समर्थन होत नाहीं, हें वरील कोंकणच्या हिशेबावरून दिसेलच.

आमच्या आंकड्यांवरही विसंबूं नये. आपल्या गाडीचीच साक्ष काढावी. तिला खर्च जवळजवळ नाहीं. गाडी रिकामी, सपाट जागीं उभी करावी. शॉक अॅब्सॉर्बरवरील धूळ अडविणारें रबरी आवरण वर सरकवून त्याचा चकचकीत दांडा उघडा करावा. नळकांड्याच्या तोंडापासून वरच्या अडथळ्याच्या रबरापर्यंतचें अंतर मोजून लिहून ठेवावें. मग दांड्यावर, नळकांड्याच्या तोंडास टेंकून, प्लास्टिकचा एक बारीक केबल टाय बेताचा घट्ट बांधावा. पुढें एक मागें एक असे दोन पुरेत. नंतर घरांतील पांचही माणसांनीं सामानासह गाडींत बसून नेहमींच्या रस्त्यांनीं आणि एखाद्या घाटानें फिरून यावें. स्प्रिंग दबतांना नळकांडें टायला वर ढकलीत जातें, आणि टाय जेथें पोंचला तेथेंच राहतो. परत आल्यावर, गाडी पुन्हां रिकामी करून, नळकांड्याच्या तोंडापासून टाय किती वर गेला तें मोजावें. हा झालेला खर्च. पहिल्या मापांतून तो वजा केला कीं शिल्लक निघते.

शिल्लक ३० मिलिमीटर निघाली तर २० मिलिमीटरच्या स्प्रिंगेस वडिलांनीं संमति देण्यास हरकत नाहीं. शिल्लक १० मिलिमीटर निघाली तर चिरंजीवांनींच बेत सोडावा. आणि टाय रबरापर्यंत जाऊन भिडलेला आढळला, तर गाडी ठेंगणी करण्याचा प्रश्न बाजूला ठेवून आधीं मूळच्या स्प्रिंगा आणि शॉक अॅब्सॉर्बर थकले आहेत काय, हें दोघांनीं मिळून तपासून घ्यावें. हें माप घेतांना बापलेकांपैकीं एकानें पट्टी धरावी व दुसऱ्यानें आंकडा लिहावा. म्हणजे निघालेला आंकडा दोघांचाही असेल.